एक रेघ, बाजूला लघुसही

रत्नागिरीहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नुसतं 'ताई'. पत्र चांगलं चार पानी आहे, कामापुरतं इथे देते.

"बँकेत ३३ वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. या वाढदिवसाला लेकीनं पुण्याहून मिक्स्ड मीडियाचं, म्हणजे रंग, कागद असं सगळं मिळून एकच चित्र करायचं सामान पाठवलं. अ‍ॅक्रेलिकचे १२ रंग, स्पंज, चिकटवायला नक्षीचे कागद, एक जाड वही आणि प्लास्टिकच्या १० स्टेन्सिल, म्हणजे नक्षीची भोकं कापलेले साचे. मला चित्र काढता येत नाही. पण म्हटलं, स्टेन्सिल आहे म्हणजे चुकायचं कारण नाही. पहिल्याच दिवशी पानाच्या आकाराची स्टेन्सिल ठेवून हिरवा रंग लावला, उचलून बघते तर रंग खालून पसरलेला. पुसायला गेले तर आणखी फासला. झाकायला वरून लाल लावला तर नुसता शेणकाला. पान फाडलं. दुसरं घेतलं. असं करत ६० पानांच्या वहीत आता १९ उरलीत, आणि वहीची शिवण ढिली झालीय ती वेगळीच. परवा आमचे हे म्हणाले, 'स्टेन्सिल आहे ना? मग चुकतेस कशी?' त्यांनी सहज विचारलं, पण मला लागलं. चुका होऊ नयेत म्हणून काय करू? आणि त्या होणारच असतील तर हे माझ्या हातचं आहे का, की सामान भाचीला देऊन टाकू? ता. क. फाडलेली पानं टाकवली नाहीत. कापडी पिशवीत घालून माळ्यावर ठेवलीत."

ताई,

तुमच्या यजमानांचा प्रश्न तुम्हाला लागला खरा, पण प्रश्न चांगला आहे. स्टेन्सिल असून चुकतं कसं? आधी त्याचंच उत्तर देते. सोपं आहे, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष फार थोडा आहे.

कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो ना, इथे ते खरोखरच मुरतंय. प्लास्टिकची स्टेन्सिल कागदावर कितीही सपाट ठेवली तरी मध्ये केसाएवढी फट राहते. रंग पातळ असला की त्या फटीत आपोआप ओढला जातो, वातीत तेल चढतं तसा. तुम्ही स्पंज आधी पाण्यात बुडवून पिळून घेत असणार. सगळेच घेतात. तो पिळलेला स्पंजसुद्धा स्टेन्सिलच्या मानाने चिंब असतो. त्यात एकदा कागद ओला झाला की तो फुगून वर येतो, म्हणजे फट आणखी वाढते. मग आपण घाबरून स्पंज दाबतो, आणि दाबला की उरलासुरला रंगही कडेखाली जातो.

म्हणून स्पंज कोरडा घ्या, ठणठणीत कोरडा. रंग ताटलीत काढा, स्पंजाचं एक टोक त्याला नुसतं टेकवा आणि तो रंग आधी जुन्या वर्तमानपत्रावर उतरवा. ठप, ठप, ठप, दहा-बारा वेळा. वर्तमानपत्रावरचा ठसा इतका फिका झाला पाहिजे की खालच्या बातमीचा मथळा वाचता यावा. 'आता रंग संपला वाटतं' असं वाटलं की मग स्टेन्सिलवर या. सरळ वरून खाली टेकवायचं, घासायचं नाही. फिकं वाटलं तर थांबून दुसरा हात द्या. दोन फिके हात देणं परवडतं, एक गच्च हात परवडत नाही. स्टेन्सिलच्या दोन कडांना मास्किंग टेप लावा आणि उचलताना भाकरी तव्यावरून उलटतो तशी एका कडेने उचला.

एवढं केलंत तर तुमचं पसरणं बरंचसं थांबेल. सदर इथेच संपवता आलं असतं. पण पसरणं थांबल्यावर तुमच्या हातात काय येईल याचा मी विचार करत बसले. एक स्वच्छ, नेटकं, कुठेही न चुकलेलं हिरवं पान येईल. तीच स्टेन्सिल घेतलेल्या प्रत्येकाच्या वहीत असेल अगदी तसंच. ते बघून तुम्ही 'छान' म्हणाल, आणि मला वाटतं, तिसऱ्या दिवशी कंटाळाल.

माझी एक गोष्ट सांगते. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर मोठी अक्षरं छापायची होती. मी हौसेने जुन्या एक्स-रे फिल्म जमवल्या आणि रात्री बसून कटरने अक्षरं कापली. 'वार्षिक' या शब्दाचा 'व' कापला आणि त्याच्या पोटातला गोल तुकडा टपकन खाली पडला. पडणारच. गोलाच्या चारी बाजू कापल्यावर त्याला धरून ठेवायला काही उरत नाही. 'क'चंही तेच, 'ष'चंही तेच. आपल्या देवनागरीत अशी पोटं असलेली अक्षरं किती आहेत ते मला त्या रात्री कळलं. तो पडलेला गोल मी फेविकॉलने चिकटवायला बघत होते. तेवढ्यात आमचा शिपाई आला. त्याचा भाऊ ट्रकवर नंबर रंगवायचा. त्याने नवी फिल्म घेतली, 'व' काढला आणि पोटातल्या गोलाला दोन्ही बाजूंनी बारीक जोड ठेवले. अक्षर छापलं की त्या जोडांच्या जागी दोन फटी राहतात. गुळाच्या आणि साखरेच्या पोत्यांवरची, लाकडी खोक्यांवरची अक्षरं डोळ्यांसमोर आणा. मध्येमध्ये तुटलेली असतात ना? ती तुटलेली असतात म्हणून तर छापता येतात.

जपानात किमोनोचं कापड छापायला कागदाच्या स्टेन्सिल वापरतात. पर्सिमॉन नावाच्या फळाच्या रसात भिजवून कडक केलेल्या कागदाच्या. त्यांची नक्षी इतकी नाजूक की जोड ठेवायला जागाच नसते. तिथे कारागिरांनी दोन कागदांच्या मध्ये रेशमाचे धागे घालून नक्षी धरून ठेवली. धागा इतका बारीक की छाप्यात तो दिसत नाही. त्या कसबाला माझा दंडवत. पण आपल्या पोत्यावरचा तुटका 'व' मला जास्त जवळचा वाटतो. त्याने आपली अडचण लपवलेली नाही.

आता एक कबुलीही देते. तुमच्यासारख्या कितीतरी मुलींच्या मनात ही भीती माझ्यासारख्यांनीच घातली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना मी वर्षानुवर्षं एकच सांगितलं: रंग रेघेबाहेर गेला की मार्क गेले. संकल्पचित्रात पोस्टर कलर सपाट बसला पाहिजे, ब्रशचा माग दिसता कामा नये, कागदावर डाग नको. परीक्षेपुरतं ते बरोबरच होतं, हातावर ताबा येतो त्याने. पण परीक्षा संपल्यावर 'आता विसरलात तरी चालेल' हे सांगायचं राहिलं. तुम्ही परीक्षेला बसला होतात की नाही, ठाऊक नाही. पण पान फाडायची ही घाई मी ओळखते. वर्गात बाकाखाली चुरगळलेले कागद कमी पाहिलेले नाहीत.

आणि गंमत बघा, दारात रांगोळी काढताना तुम्ही असं करता का? ठिपका चुकला तर बोटाने दाबून पसरवता. रेघ जाड झाली तर चिमटीने कड साफ करता. रांगोळीचा छाप उचलताना हलला आणि लक्ष्मीचं पाऊल फिस्कटलं तर त्यावर चिमूटभर कुंकू टाकून मोकळ्या होता, आणि बघणाऱ्याला ते मुद्दामच टाकलंय असं वाटतं. माझी आई गोपद्मं काढायची. हाताला ओल असली की छापाची भोकं बुजायची आणि अर्धंच पद्म उमटायचं. ती उरलेलं अर्धं बोटाने काढायची. तिथे चुकीचं काय करायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही, कारण अंगण फाडता येत नाही. पान फाडता येतं, सगळा घोळ तिथेच आहे.

तर पहिली गोष्ट, फाडणं बंद. नियम म्हणून बंद. आणि हा नियम माझा नाही, तुमच्या बँकेचाच आहे. लेजरमध्ये आकडा चुकला तर तुम्ही काय करत होतात? पान फाडत नव्हतात, फाडलं असतं तर चौकशी लागली असती. ब्लेडने खरवडत नव्हतात, वर दुसरा आकडा गिरवत नव्हतात. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा. बाजूला लघुसही. लेजर हाताने लिहीत होतात तोवर तुम्ही हे रोज केलंत. चूक झाली, ती इथे झाली, ती मी पाहिली, आणि पुढचा हिशेब असा. मिक्स्ड मीडियाच्या वहीला याहून चांगला नियम मला तरी सुचत नाही.

तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा सर्क्युलर सायक्लोस्टाइलवर, म्हणजे प्रती काढायच्या त्या जुन्या यंत्रावर निघत असतील. तीही स्टेन्सिलच की. मेण लावलेला कागद, रिबिन काढून टाइप करायचं, अक्षराच्या जागी मेण जाऊन शाई झिरपायला वाट व्हायची. अक्षर चुकलं की ती लालसर पातळ दुरुस्तीची शाई, नेलपॉलिशच्या वासाची, इवल्याशा ब्रशने भोकावर लावायची, फुंकर घालायची आणि वाळली की त्याच जागी नवं अक्षर ठोकायचं. ते छापल्यावर शेजारच्या अक्षरांपेक्षा जरा जाड दिसायचं. आमच्या शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत असं जाड अक्षर दिसलं की कारकून कुठे अडखळले होते ते आम्हाला कळायचं. एवढ्यासाठी अख्खी स्टेन्सिल फेकून देणं त्या काळी कुणाला परवडणार?

आता ती पिशवी माळ्यावरून खाली काढा. पत्राच्या शेवटी, ता. क. म्हणून तुम्ही जे लिहिलंत ना, माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. ज्याला हे जमणार नसतं तो पानं टाकून देतो. ४१ पानं आहेत म्हणजे दौलत आहे. जमिनीवर जुनी चादर घाला आणि सगळी पसरा. आता ती वाळलेली आहेत आणि तुमचा रागही वाळलेला आहे. अ‍ॅक्रेलिक ओलं असताना जे दिसतं ते वाळल्यावर तसं राहत नाही, रंग थोडा गडद होऊन बसतो, पसरलेल्या कडा बसून जातात. तुम्ही फाडलेली निम्मी पानं तुम्ही पुरती वाळलेली पाहिलीच नसणार.

त्यातलं ते पहिलं हिरवं पसरलेलं पान शोधा. स्टेन्सिलची मूळ कड कुठे होती ते विसरा. रंग जिथपर्यंत गेला आहे त्या कडेने बारीक काळं पेन फिरवा. जिथे ओघळ गेला तिथे पेनही जाऊ दे. जिथे रंगाला खाच पडली तिथे पेन आत वळू दे. घाई न करता, पेनच्या टोकाकडे बघत. पाच मिनिटांनी तुम्हाला अळीने खाल्लेलं, वाऱ्याने फाटलेलं, एका बाजूला डिंक सुटलेलं पान दिसेल. आता उठा आणि परसातलं कुठलंही खरं पान तोडून शेजारी ठेवा. स्टेन्सिलसारखी गुळगुळीत कड त्यातल्या एकाला तरी आहे का बघा.

काही पानांचं असं काही होणार नाही. त्यांचे तुकडे करा. कात्रीने नको, हाताने, पट्टी लावून किंवा न लावता. फाटलेल्या कडेला कागदाची पांढरी दशी राहते, तीच पुढे चित्रात रेघेचं काम करते. हे तुकडे नव्या पानावर चिकटवा आणि मग त्यांच्यावर स्टेन्सिल चालवा, अर्धी तुकड्यावर, अर्धी कोऱ्या कागदावर. तुकड्याच्या कडेला रंग नक्की फुटेल, उंचसखल असतं ना. तो फुटू दे.

पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीत हानोव्हरमध्ये कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार हेच करत होता. तिकिटं, वेष्टनं, वर्तमानपत्राचे तुकडे, रस्त्यावर सापडेल ते चिकटवायचा. १९१९ साली एका चित्रात त्याने एका छापील जाहिरातीचा फाटका तुकडा चिकटवला. मूळ शब्द होता 'कॉमर्झ', फाटून उरला 'मर्झ'. त्या अर्ध्या, निरर्थक शब्दाचंच त्याने आपल्या सगळ्या कामाला नाव दिलं आणि आयुष्यभर तेच नाव चालवलं. ती जाहिरात बँकेची होती, ताई. एका बँकेच्या फाटक्या कागदातून एवढं निघालं, तर तुमच्या पिशवीत ४१ आहेत.

स्टेन्सिलची लाज वाटत असेल तर तीही सोडा. 'मला चित्र काढता येत नाही म्हणून स्टेन्सिल' असं तुम्ही लिहिलंय. जॉर्ज ब्राक हा घरं रंगवणाऱ्याचा मुलगा, स्वतःही त्याच कामात तयार झालेला. त्याने १९११ मध्ये आपल्या चित्रात स्टेन्सिलने अक्षरं उमटवली, खोक्यांवर असतात तशी. चित्र काढता न येणाऱ्याचा हा उद्योग नव्हता. रंगाऱ्याच्या पेटीतलं हत्यार त्याने चित्रात आणलं, एवढंच.

आता जरा खेळ. स्टेन्सिल चुकीची वापरा, मुद्दाम. एकदा छापल्यावर तिच्या वरच्या बाजूला रंग ओला असतो. आपण तो धुऊन टाकतो. धुऊ नका. ती तशीच उलटी करून पिशवीतल्या एखाद्या पानावर पालथी घाला, वर कागद ठेवून तळहाताने दाबा. आधीच्या पानावर जी नक्षी होती ती इथे कोरी राहील आणि भोवतालचा रंग उमटेल, तोही सगळीकडे सारखा नाही, कुठे दाट, कुठे नुसता श्वास लागल्यासारखा. हे तुम्हाला दुसऱ्यांदा तसंच्या तसं करता येणार नाही. मला तरी आजवर जमलेलं नाही.

किंवा उलटं करा. पुरत्या वाळलेल्या पिवळ्या पानावर निळ्या रंगाचा पातळ हात द्या आणि निळा ओला असतानाच स्टेन्सिल ठेवून दमट फडक्याने भोकांमधला रंग टिपून घ्या. खालचा पिवळा नक्षीच्या आकारात वर येईल. म्हणजे इथे लावून नाही, काढून चित्र झालं. लहान बाळांचे ओले रुमाल मिळतात ना, ते यासाठी फार छान. रंगाने माखलेले ते रुमालही वाळवून ठेवा, पातळ असतात, चिकटवले की कापडासारखे दिसतात. (आमच्या घरी यावरून बोलणी बसतात. मी ऐकून घेते.)

स्टेन्सिल अर्धीच छापा. छापून झाल्यावर बोटभर सरकवून दुसऱ्या रंगात पुन्हा छापा. पानाच्या काठावरून अर्धी बाहेर जाऊ द्या. दहाही स्टेन्सिल वापरायची गरज नाही. महिनाभर एकच घ्या. आणि कृपा करून आणखी विकत आणू नका. या छंदाच्या नावाखाली बाजारात इतकं सामान आलंय की माणसं छंद करायचा सोडून सामानच करत बसतात. ओएचपीची, म्हणजे जुन्या प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट आणि कटर असला की काम भागतं. कापताना 'व'ची आठवण ठेवा.

मात्र 'चूक म्हणून काही नसतंच' असं गोड गोड मी तुम्हाला सांगणार नाही. अशी वाक्यं वाचली की मला पोस्टर कलरची बाटली फेकावीशी वाटते. चुका असतात. तुमचा शेणकाला ही चूक होती. हिरवा ओला असताना त्यावर लाल घातलात. हिरवा आणि लाल एकमेकांत मिसळले की मातकटच होणार, त्यात कुणी काही करू शकत नाही. आधीचा पुरता वाळू द्यायचा, मग दुसरा. वाळलेल्या हिरव्यावर लाल ठसठशीत बसतो. तुमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की 'वाळला' असं वाटतं आणि बोट लावलं की निघतं, तेव्हा हेअर ड्रायर घ्या, नाहीतर पान पंख्याखाली ठेवून आमटीला फोडणी देऊन या. थांबणं हे या कामातलं अर्धं कसब आहे आणि ते कुठल्या सामानात मिळत नाही.

कागद भुसा सुटल्यासारखा वर येत असेल तर ती तुमची चूकच नाही, कागद ओल्या कामाचा नाही. पुढची वही घेताना ३०० जीएसएमच्या (हे कागदाच्या जाडपणाचं माप) आसपासचा, जलरंगाला चालणारा कागद बघा. आणि एक कोकणातल्यांसाठी खास: अ‍ॅक्रेलिकची दोन पानं समोरासमोर मिटून पावसाळाभर ठेवलीत तर ती एकमेकांना धरून बसतात. सोडवायला गेलं की दोन्हींचे पापुद्रे निघतात. मध्ये बटर पेपर घाला. तरी विसरलात आणि पानं चिकटलीच तर ओढताना जे काही उरेल ते आधी उजेडात धरून बघा. मग ठरवा रडायचं की नाही ते.

ज्या पानाचं खरंच काही होत नाही, त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्या. पातळ म्हणते आहे, भिंतीला चुना फासल्यासारखा नको. खालचं थोडं दिसलं पाहिजे, खोडलेला आकडा दिसतो तसं. मग आठवडाभर तिकडे बघू नका. मी अशी पानं दाराच्या मागे लावून ठेवते. येताजाता नजर पडते, आणि एके दिवशी त्यातल्या एखाद्या डागाचा कान दिसायला लागतो. कान दिसला की मागोमाग मांजर येतं.

हे तुमच्या हातचं आहे का, असं विचारलंत. तुमची चित्रं मी पाहिलेली नाहीत, तेव्हा उगाच पाठ थोपटणार नाही. पण दोन रुपयांचा फरक शोधायला रात्रीचे नऊ वाजेपर्यंत बसणारी माणसं मी बँकेत पाहिली आहेत. तुम्हीही त्यातल्याच असणार. पेनने ओघळाची कड धरायला नेमकी तीच नजर लागते. भाचीला एखादी स्टेन्सिल द्या हवी तर. सगळं सामान देऊ नका.

उरलेली १९ पानं अशी वापरा: प्रत्येक पानावर जिथे बिनसलं तिथे, अगदी शेजारी, पेन्सिलने बारीक लघुसही आणि तारीख. लपवायची नाही. बँकेत करत होतात तीच सही, नव्याने काही शोधू नका. ढिली शिवण मेणाच्या दोऱ्याने पुन्हा घाला, आणि पिशवीतली जी पानं पेनने, पांढऱ्याने, तुकड्यांनी वर आली तीही त्याच वहीत शिवून टाका. वही मूळच्यापेक्षा जाड झाली तर मिटणार नाही नीट, पण त्याला इलाज नाही. माझी तर कधीच मिटत नाही, वर खलबत्ता ठेवावा लागतो.

राहता राहिले यजमान. रविवारी दुपारी त्यांच्यापुढे एक स्टेन्सिल, थोडा रंग आणि स्पंज ठेवा. कोरडा की ओला ते सांगू नका. पान मात्र पिशवीतलं द्या, वहीतलं नको. आणि स्टेन्सिल ते स्वतःच उचलतील असं बघा.